दहा वर्षांची मुदत कोणी घातली?

पत्र : डॉक्टरांना सप्रेम नमस्कार. आम्ही अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीच्या जवळ राहतो. माझे मालक टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, वय 41. सहा वर्षांपूर्वी पुण्यात त्यांच्या किडनीचे प्रत्यारोपण झाले. किडनी सासूबाईंनी दिली, तेव्हा त्या 56 वर्षांच्या होत्या. आजवर सगळे ठीक होते, पण जो तो म्हणतो की बदललेली किडनी दहा वर्षेच चालते. म्हणजे आमच्या हातात आता चारच वर्षे उरली का? क्रिएटिनिन कायम 1.2 असायचे, ते मागच्या महिन्यात 1.5 आले. पुण्याच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांत परत बोलावले होते, पण मालक म्हणतात, उन्हामुळे वाढले असेल, 1.5 म्हणजे काही जास्त नाही. दुसरी पाळी असली की त्यांची रात्रीची गोळी राहते, हे मला महिनाअखेरीस कळले. टॅक्रोलिमसच्या अकरा गोळ्या पाकिटात तशाच होत्या. मी भांडले नाही, पण तेव्हापासून झोप नाही. नणंदबाईंनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा सुरू करायला सांगितला आहे, तो द्यावा का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या मेडिकलमधून गोळी आणून घेतात. आम्हाला एक मुलगी आहे. दुसऱ्या मुलाचा विचार करावा की नाही, तेही सांगावे. — एक भगिनी, सोलापूर.

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातला पहिला प्रश्न चार वर्षांचा आहे, परंतु मी उत्तराची सुरुवात 1.5 या आकड्यापासून करतो, कारण चार वर्षांच्या प्रश्नाला आणखी आठवडाभर वाट पाहता येईल आणि या आकड्याला ती पाहता येणार नाही.

क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ; किडनीचे काम मंदावले की रक्तातला त्याचा आकडा वाढतो. 1.2 वरून 1.5 म्हणजे 25 टक्क्यांची वाढ झाली. प्रयोगशाळेच्या छापील अहवालात हा आकडा मर्यादेपेक्षा जरासाच वर दिसत असेल, आणि म्हणूनच तुमच्या यजमानांना तो किरकोळ वाटत असेल. तथापि ज्याचे प्रत्यारोपण झाले आहे त्याने आपला आकडा छापील मर्यादेशी ताडून पाहायचा नसतो, तो स्वतःच्याच नेहमीच्या आकड्याशी ताडायचा असतो. ज्याचे क्रिएटिनिन पाच वर्षे 1.6 वर स्थिर आहे त्याला 1.6 ची भीती नाही. ज्याचे सहा वर्षे 1.2 होते त्याने मात्र 1.5 दिसताच पुण्याची गाडी पकडायला हवी होती. चौथ्या हिश्श्याएवढी किंवा त्याहून अधिक वाढ झाली आणि ती टिकून राहिली, तर तिचे कारण शोधलेच पाहिजे, अशी प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांची सर्वसाधारण रीत आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांत बोलावले ते याच कारणाने, आणि आता तर महिना उलटला आहे.

उन्हामुळे वाढले असेल, हे तुमच्या यजमानांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या गावात पारा 42-43 अंशांवर जातो, आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली, मागांच्या उष्णतेत आठ तास उभा असणारा माणूस घामावाटे किती पाणी गमावतो हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. शरीरातले पाणी कमी झाले की क्रिएटिनिन वाढते, आणि दोन-तीन दिवस पुरेसे पाणी पोटात गेले की ते खालीही येते. पण हे खरोखर उन्हामुळेच झाले आहे की नाही, हे पुन्हा रक्त तपासल्याशिवाय कळणार कसे? एवढीच वाढ लघवीच्या जंतुसंसर्गाने होऊ शकते, अंगदुखीच्या गोळ्यांनी होऊ शकते, टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण गरजेपेक्षा चढल्याने होऊ शकते, बीके नावाच्या विषाणूने होऊ शकते, नव्या किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झाल्याने होऊ शकते, आणि शरीराने त्या किडनीला नाकारायला सुरुवात केल्यामुळे, म्हणजे ज्याला आपण रिजेक्शन म्हणतो त्यामुळेही होऊ शकते. बाहेरून या सगळ्यांचा चेहरा एकच असतो, 1.5. रिजेक्शन झाले तर दुखेल, लघवी कमी होईल, अंगावर सूज येईल, तेव्हा बघू, असा एक समज रुग्णांमध्ये घट्ट बसलेला आहे. तो फार घातक आहे. शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या आणि मूत्रनलिका जोडतात, वेदना पोहोचवणारे मज्जातंतू जोडले जात नाहीत. त्यामुळे ही किडनी आपले दुखणे सांगत नाही आणि बहुतेक वेळा रक्ताचा अहवालच ते पहिल्यांदा सांगतो.

आता त्या अकरा गोळ्यांबद्दल लिहितो. तुम्ही भांडला नाहीत हे फार बरे केलेत. रोज दोन वेळा एकेक धरली तर महिन्याला साठ वेळा गोळी घ्यायची असते, आणि त्यांतल्या अकरा राहिल्या. म्हणजे जवळजवळ दर साडेपाच वेळांमागे एक गोळी चुकली. या औषधाचे काम समजून घेतले तर यातला धोका लक्षात येईल. आईची किडनी असली तरी मुलाच्या शरीराच्या दृष्टीने ती परकी वस्तूच असते, आणि परक्या वस्तूवर तुटून पडणे हे आपल्या प्रतिकारशक्तीचे नेमून दिलेले काम आहे. टॅक्रोलिमस त्या पहारेकऱ्यांना शांत ठेवते, पण बारा तासांपुरतेच. एक गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही, आणि नेमके याचमुळे माणसाची खात्री पटत जाते की चुकली तरी चालते. आत मात्र प्रत्येक खंडात पहारेकऱ्यांना थोडी जाग येते, आणि असे खंड वारंवार पडले की शरीर त्या किडनीविरुद्ध अँटिबॉडी तयार करू लागते. एकदा तयार झालेल्या या अँटिबॉडी घालवण्याचे खात्रीचे औषध आजही आपल्याकडे नाही. प्रत्यारोपणानंतर काही वर्षांनी ज्या किडन्या निकामी होतात, त्यांच्यामागे अशा अँटिबॉडींनी सावकाश केलेले नुकसान हे एक प्रमुख कारण असते. हे रुग्णाला भीती घालण्यासाठी मी कधी सांगत नाही, परंतु सहा वर्षे उत्तम चाललेल्या किडनीच्या मालकाला ते स्पष्टपणे सांगावे लागते, कारण पहिल्या वर्षी घरातला प्रत्येक जण घड्याळाकडे बघत असतो आणि सहाव्या वर्षी कोणीच बघत नसते.

तुमच्या यजमानांची गोळी निष्काळजीपणाने राहते असे मला पत्रावरून वाटत नाही. ती पाळीमुळे राहते. रात्री नऊची वेळ ठरलेली, पाळी अकराला सुटणार, गोळी घरच्या फळीवर, आणि घरी आल्यावर दमलेला माणूस जेवून आडवा होणार. तेव्हा उपाय पाळीशी जुळणारा हवा. एक छोटी डबी घ्या, तीत दोन दिवसांच्या गोळ्या ठेवा आणि ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीतच राहू द्या. दुचाकीच्या डिकीत मात्र ठेवू नका, कारण उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतली उष्णता या औषधाला मानवत नाही. दुसरे, पुण्याच्या डॉक्टरांना पाळ्यांचे वेळापत्रक दाखवून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्या; नऊ-नऊऐवजी आठ-आठ केल्या आणि त्या कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत बसल्या, तर अर्धा प्रश्न मिटेल. तिसरे, दिवसातून एकदाच घ्यायचे टॅक्रोलिमसही मिळते, ते त्यांना चालेल का हे विचारा. मात्र आपल्या मनाने साध्या गोळीच्या जागी ते घेऊ नका, कारण दोन्हींचे शरीरात मुरणे वेगळे असते. याच कारणाने मेडिकलवाल्याने ‘कंपनी वेगळी, औषध तेच’ म्हणून दिलेले पाकीटही डॉक्टरांना कळवल्याशिवाय सुरू करू नये. गोळी चुकलीच आणि थोड्या वेळात आठवली तर लगेच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नयेत. डॉक्टरांपुढे त्या अकरा गोळ्यांचा आकडा मात्र आहे तसा सांगा. तो लपवला तर कमी आलेले प्रमाण पाहून डॉक्टर मात्रा वाढवतील, आणि मग नियमित घेतलेल्या वाढीव मात्रेने किडनीलाच इजा होईल.

रक्त देण्याच्या वेळेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सोलापूरच्या रुग्णांची एक चूक मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. टॅक्रोलिमसची लेव्हल सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी तपासायची असते. आपली माणसे पहाटे उठतात, हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघतात, वाटेत कुर्डुवाडी-दौंडच्या दरम्यान डब्यातली भाकरी खातात, नऊ वाजले म्हणून शिस्तीने गोळी घेतात आणि अकराच्या सुमारास रक्त देतात. गोळी नुकतीच पोटात गेलेली असल्याने लेव्हल चढलेली येते. अशाच एका रुग्णाची लेव्हल जास्त आली म्हणून त्याची मात्रा कमी करण्यात आली. पुढच्या वेळी पुन्हा तसेच झाले आणि मात्रा आणखी कमी झाली. तो माझ्याकडे आला तेव्हा क्रिएटिनिन 1.3 वरून 2.1 वर गेलेले होते, आणि गाडीतल्या त्या गोळीबद्दल त्याला तोवर कोणीच विचारलेले नव्हते. तेव्हा एक तर रक्त तीन-चार दिवस आधी सोलापुरातच, सकाळची गोळी घेण्याआधी द्या आणि अहवाल घेऊन पुण्याला जा; किंवा गोळी खिशात ठेवा आणि रक्त दिल्यावर लगेच घ्या. दर वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासणी केली तर आकड्यांची तुलना खरी होते.

या खेपेला क्रिएटिनिन आणि लेव्हल यांच्याबरोबर लघवीची तपासणी, लघवीतील प्रथिनांचे प्रमाण, रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन हेही करून घ्या. भरपूर पाणी पिऊनही 1.5 खाली आले नाही, तर डॉक्टर सोनोग्राफी, विषाणूची तपासणी, अँटिबॉडीची तपासणी आणि कदाचित बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणे, सुचवतील. बायोप्सी म्हटले की घरात रडारड सुरू होते, पण नवी किडनी ओटीपोटात कातडीच्या बरीच जवळ असल्याने ती तशी सोपी जाते, आणि कारण न कळता औषधे बदलत राहण्यापेक्षा ती केव्हाही बरी.

आता तुमच्या चार वर्षांकडे येतो.

दहा वर्षांची ही मुदत कोणी घातली, हे मला खरोखर ठाऊक नाही, पण ती सोलापुरात घरोघरी ऐकू येते. मोठ्या देशांतल्या नोंदी पाहिल्या तर जिवंत दात्याची किडनी मिळालेल्या शंभर जणांपैकी 95 हून अधिक जणांची किडनी एका वर्षानंतर चालू असते, पाच वर्षांनी साधारण 85 ते 90 जणांची, आणि दहा वर्षांनीही 65 ते 70 जणांची चालू असते. मेंदूमृत दात्याच्या किडनीचे आकडे यापेक्षा काहीसे कमी असतात. म्हणजे दहाव्या वर्षी दर तिघांपैकी दोघे आपल्या नव्या किडनीवर जगत असतात, आणि वीस-पंचवीस वर्षे एकाच प्रत्यारोपित किडनीवर काढलेली माणसे दुर्मीळ राहिलेली नाहीत. शिवाय हे आकडे शस्त्रक्रियेच्या दिवसापासून मोजलेले असतात. तुमचे यजमान त्या शंभरांपैकी पहिली सहा वर्षे पार केलेल्यांत आहेत. सुरुवातीच्या वर्षांत ज्यांच्या किडन्या गेल्या त्यांच्यात ते नाहीत, म्हणून दहातून सहा वजा करून चार काढणे हे गणितच चुकीचे आहे. सरासरी ही पुष्कळ माणसांची असते, एका माणसाच्या घरातल्या भिंतीवर टांगायची ती दिनदर्शिका नाही. तरीही पोकळ धीर मी देणार नाही. किडनी देताना आईचे वय 56 होते, आणि वय झालेल्या दात्याची किडनी तरुण दात्याच्या किडनीपेक्षा सरासरीने थोडी कमी चालते. त्यांच्या किडन्या मुळात कशामुळे गेल्या हे पत्रात नाही. काही आजार, उदाहरणार्थ आयजीए नेफ्रोपॅथी, नव्या किडनीतही परत येऊ शकतात, आणि तसे असेल तर लघवीतील प्रथिनांवर अधिक बारीक लक्ष ठेवावे लागते.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे, ती घरच्यांना सहसा सांगितली जात नाही. किडनी उत्तम चालू असताना रुग्ण दुसऱ्या कारणाने दगावला, तरी या हिशेबात ती किडनी ‘गेली’ असे धरतात, आणि उशिरा गेलेल्या किडन्यांचा मोठा हिस्सा असाच असतो. त्यात पाश्चात्त्य देशांत हृदयविकार पुढे आहे आणि आपल्या देशात जंतुसंसर्गाचाही वाटा फार मोठा आहे. म्हणून सगळे घर फक्त क्रिएटिनिनकडे डोळे लावून बसले तर ते अपुरे आहे. रक्तदाब शक्यतो 130/80 च्या आत हवा, आणि तो महिन्यातून एकदा नव्हे, घरच्या यंत्रावर आठवड्यातून दोन-तीनदा मोजून वहीत लिहावा. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉईड या दोहोंमुळे आधी मधुमेह नसलेल्या माणसालाही तो होऊ शकतो, तेव्हा साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासत राहावे. वजन वाढू देऊ नये. यजमानांना तंबाखूची सवय असेल, आणि कारखान्यात ती फार जणांना असते, तर ती सुटलीच पाहिजे. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे तसाही पुष्कळ, त्यात प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात कर्करोगाचा धोका इतरांहून अधिक असतो. मिठाबद्दल सोलापुरी माणसाला सांगणे माझ्याही जिवावर येते, कारण मीही याच गावचा आहे, पण शेंगाचटणी, लोणचे आणि पापड हे तिन्ही एकाच ताटात नकोत. चटणी घरी कमी मिठाची कुटून घ्या. कडक भाकरी आणि आमटीबरोबर ती एखादा चमचा खाल्ली तर काही बिघडत नाही.

संसर्गाचे म्हणाल तर ताप 100.4 च्या वर गेला की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. क्रोसिन घेऊन दोन दिवस वाट पाहायची ही रीत तुमच्या घरापुरती बंद. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे यांतले काही दिसले तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. भारतातल्या प्रत्यारोपित रुग्णांत क्षयरोग इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त आढळतो, आणि त्यावरचे रिफॅम्पिसिन हे औषध टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण एकदम खाली आणते. म्हणून क्षयाचे उपचार सुरू होतील त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळले पाहिजे. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते साठवावे लागते, तेव्हा पिण्याचे पाणी उकळून गार केलेलेच असावे, आणि ते यजमानांच्या डब्याबरोबर दोन-अडीच लिटर तरी कारखान्यात गेले पाहिजे. जुलाब लागले तर ते पोटापुरते आहेत असे समजू नका. जुलाबात पाणी तर जातेच, शिवाय टॅक्रोलिमस अधिक शोषले जाऊन त्याची लेव्हल चढते, म्हणजे किडनीवर दुहेरी मार बसतो. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी, न्युमोनियाच्या लशीबद्दल विचारावे. जिवंत विषाणू असलेल्या लशी मात्र त्यांना चालत नाहीत. कापसाचा तंतू उडणाऱ्या खात्यात मास्क लावावा. गड्ड्याच्या यात्रेला जाऊ नका असे मी म्हणणार नाही, सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाऊन या, पण भर गर्दीची वेळ टाळा आणि तिथले उघड्यावरचे खाणे नको.

गुळवेलीचा काढा देऊ नका. नणंदबाईंचा हेतू चांगला आहे आणि त्यांना दुखावण्याचे कारण नाही. त्यांना एवढेच सांगा की आपण दर महिन्याला हजारो रुपयांची औषधे देऊन ज्या प्रतिकारशक्तीला दाबून ठेवतो आहोत, तिलाच उठवणारी वस्तू वर देणे म्हणजे एका हाताने दार लावून दुसऱ्या हाताने उघडणे आहे. करोनाच्या काळात गुळवेलीचा वापर फार वाढला तेव्हा काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहे. भस्मे आणि अज्ञात पुड्या तर मुळीच नकोत. फळांपैकी पपनस टाळावे, कारण त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते. सोलापूरच्या माणसाला डाळिंब सोडवत नाही हे मी जाणतो, परंतु अनेक केंद्रे खबरदारी म्हणून तेही टाळायला सांगतात, तेव्हा आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. कोणत्याही दवाखान्यात गेलात, अगदी दाताच्या, तरी पहिले वाक्य ‘यांची किडनी बदललेली आहे’ हेच असू द्या. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांसारखी नेहमीची औषधे लेव्हल दुप्पट-तिप्पट करू शकतात, फिटची काही औषधे ती पाडतात, आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या थेट किडनीवर घाव घालतात. दिवसभर उभे राहून कंबर दुखते म्हणून यजमान अशी एखादी गोळी घेत नाहीत ना, हे त्यांना विचारा. 1.5 चे उत्तर तिथेही असू शकते.

वेदनाशामक गोळ्यांवरून मी तुमच्या सासूबाईंकडे येतो. तुम्ही त्यांच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण तुम्ही त्या लिहिल्यात याचे मला फार समाधान वाटले, कारण बहुतेक पत्रांत दात्याचा उल्लेख शस्त्रक्रियेच्या वाक्यात येतो आणि तिथेच संपतो. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच पुष्कळ जास्त आहेत, त्यातही आया आणि पत्नी, आणि टाके काढल्यावर या बायका स्वतःची फाईल कपाटात ठेवतात ती कायमचीच. जगातले पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण 23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टनमध्ये जुळ्या भावांत झाले. किडनी घेणारा रिचर्ड हेरिक त्यानंतर आठ वर्षे जगला. किडनी देणारा रोनाल्ड 2010 पर्यंत, म्हणजे एका किडनीवर 56 वर्षे जगला. तपासून निवडलेल्या निरोगी दात्याला एक किडनी पुरते, आणि उरलेली किडनी आपले काम वाढवून दोन्ही किडन्यांच्या मिळून होणाऱ्या कामाच्या सुमारे 70 टक्क्यांपर्यंत ते नेते, हे खरे आहे. दात्याची स्वतःची किडनी पुढे निकामी होण्याचा आयुष्यभराचा धोका शंभरात एकाहून कमी सांगितला जातो. पण हा हिशेब रक्तदाब आणि साखर सांभाळणाऱ्या दात्यांचा आहे, गुडघ्यासाठी मेडिकलमधून गोळ्या आणून खाणाऱ्या 62 वर्षांच्या बाईला तो तसाच्या तसा लागू होत नाही. ज्या गोळीला मुलासाठी बंदी आहे तिला आईसाठीही बंदी आहे, कारण दोघांकडेही काम करणारी एकच किडनी आहे. गुडघ्यांसाठी त्यांना अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पॅरासिटामॉल, व्यायाम, लावायचे मलम आणि वजन यांवर पुष्कळ काही करता येते. वर्षातून एकदा त्यांचे क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, साखर आणि रक्तदाब तपासा. एकादशीला त्या पाणीही घेत नसतील तर पाणी घ्यायला सांगा. ते तुमच्यापेक्षा मुलाने सांगितले तर अधिक ऐकतील.

दुसऱ्या मुलाबद्दल थोडक्यात लिहितो. यजमान रुग्ण असल्याने हा प्रश्न, पत्नी रुग्ण असती तर जेवढा अवघड झाला असता, तेवढा नाही. प्रत्यारोपणानंतर पुरुषांना झालेली मुले सर्वसाधारणपणे निरोगी असतात. मात्र मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू असेल तर खबरदारीचा भाग म्हणून आधी डॉक्टरांशी बोला आणि ती आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका. क्रिएटिनिनच्या वाढीचे कारण सापडून ते स्थिर होईपर्यंत हा विचार थोडा पुढे ढकलावा, एवढेच मी सुचवीन.

खर्चाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण गोळ्या चुकण्यामागे कधी कधी पैशांची ओढाताणही असते आणि घरातला कर्ता पुरुष ते बोलून दाखवत नाही, म्हणून लिहितो. त्यांचा पगार महिना 21,000 रुपयांच्या आत असेल आणि कारखान्यातून कर्मचारी राज्य विम्याची कपात होत असेल, तर प्रत्यारोपणानंतरची औषधे त्या योजनेतून मिळण्याबाबत चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा 2023 च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये झाली. ती शस्त्रक्रियेची आहे, तरी पुढच्या उपचारांत काय बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या. गोळ्या परवडत नाहीत हे डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही, मात्रा आपल्या मनाने निम्मी करण्यात मात्र फार मोठा धोका आहे.

येत्या सोमवारी सकाळी यजमानांनी आदल्या रात्रीची गोळी वेळेवर घेतलेली असावी, सकाळची गोळी खिशात असावी आणि रक्त प्रयोगशाळा उघडताच द्यावे. सासूबाईंनाही त्यांच्याबरोबर घेऊन जा आणि दोघांचे नमुने एकाच वेळी देऊन या. यजमानांचे दोन्ही अहवाल, जुना आणि नवा, आणि पाळ्यांचे वेळापत्रक घेऊन त्याच आठवड्यात पुण्याला जा. आकडे आल्यावर मला जरूर लिहा. मी वाट पाहीन.